बावेतला न्यूट्रल

धोंडू पाष्ट्याला रागवायला कारण लागत नाही, असं लोक म्हणत. ते खोटं होतं. कारण लागायचं, फक्त ते लोक आपल्या हातानं आणून त्याच्या ओट्यावर ठेवायचे. कुणी नवं घर बांधून, गिलावा करून, रंग मारून, वास्तुशांतीचं जेवण ठरवून मग सांगत यायचा, "धोंडूभाऊ, तेवढं लाइटीचं बघा." कुणाला न्हाणीच्या ओल्या भिंतीत बटण पाहिजे असायचं, कारण तिथं ते हाताशी येतं. एकानं किटकॅटमध्ये, फ्यूज बसवायच्या चिनी मातीच्या खोबणीत, तारेऐवजी छत्रीची काडी बसवली होती आणि वर छाती काढून सांगितलं होतं, की तीन वर्षं झाली, एकदा फ्यूज उडालेला नाही. "फ्यूज नाय उडायचा," धोंडू त्याला म्हणाला, "आता तूच उडशील."

अंगानं तो वाळल्या बोंबलासारखा. खाकी अर्धी चड्डी, मागच्या खिशात पक्कड, कानावर पेन्सिल, आणि सायकलच्या कॅरियरला बांधलेली पत्र्याची पेटी. तरुणपणी मुंबईला गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात चार वर्षं हेल्परकी केली, तिथल्या मुकादमाशी भांडला आणि गावाला परत आला. मग परीक्षा देऊन वायरमनचा परवाना काढला. तो परवाना त्यानं काच लावून भिंतीवर टांगला होता, देवांच्या तसबिरींच्या ओळीत. रत्नागिरीपासून मिरजोळ्याच्या पुढच्या वाड्यांपर्यंत कुणाच्या टेस्ट रिपोर्टवर धोंडूची सही असली, की त्या घरात डोळे मिटून बटण दाबावं, असं होतं. बायको चिमा म्हणायची, "तुमची सही म्हंजे सोन्याची, आनि तोंड म्हंजे तिरफळ."

एकोणीसशे एकोणनव्वदच्या मे महिन्यात, ईद होऊन आठ दिवस झाले असतील, अहमद त्याच्या दारात आला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले. अहमदचं रस्त्याकडेला किराणाचं दुकान, घर मिरजोळ्याच्या अलीकडे कातळावर. थोरला भाऊ मुसा कुवेतला. तो मुलीच्या, मासूमाच्या निकाहासाठी दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता आणि येताना दोन मोठाली खोकी घेऊन आला होता.

"धोंड्या, भिंतीवरचा ए.सी. हाये," अहमद म्हणाला. "जपानचा. आत एक पेटी, बाहेर एक पेटी. रविवारी निकाह. नवऱ्याकडची मानसं मुंबईची हायेत, त्यांना बैठकीत गारेगार बसवायचं. भोक पाडून ठेवलंय."

"पाडलंस?"

"पाडलं. तुला तेवढीच मेहनत कमी."

धोंडूनं पेटी सायकलला बांधली. रस्ताभर तो त्या भोकाला शिव्या देत होता.

भोक पाडलं होतं ते बरोबर मीटरच्या उलट्या टोकाला. मीटर पुढच्या पडवीत आणि यंत्र मागच्या बैठकीत. मधे सगळं घर. एका प्लगातून वायर ओढून काम होईल, अशी अहमदची समजूत. पंख्याला आणि दिव्यांना घातलेली बारीक एक-अठराची तार, त्यात हे यंत्र लावलं असतं तर भिंतीतल्या भिंतीत तारेची कुरडई तळून निघाली असती. धोंडूनं मेन स्विचपासून वेगळी लाइन काढली. सात-वीसची जाड तांब्याची तार, लाकडी केसिंगमधून, वाश्यांच्या कडेकडेनं, वेगळा स्विच, वेगळं किटकॅट. दोन दिवस तो शिडीवर होता, आणि दोन दिवस घरातल्या कुणी त्याच्या शिडीखालून जायची हिंमत केली नाही.

कोल्हापूरहून आलेल्या फ्रीजवाल्या मेकॅनिकनं तांब्याच्या नळ्या जोडून दिल्या नि तो एस.टी. पकडून गेला. आतल्या पेटीपासून बाहेरच्या पेटीपर्यंतच्या तारा धोंडूच्या वाट्याला आल्या. कागद बघितला तर एका बाजूला जपानी आणि दुसऱ्या बाजूला अरबी. मुसाची म्हातारी आई, कुलसुमखाला, तो कागद घेऊन उजेडाला बसली आणि एकेका अक्षराखाली बोट धरून तिनं अरबी बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरात वाचून दाखवली.

"काय म्हंतोय खाला, कागद?" धोंडूनं विचारलं.

"वाचला रे बाबा सगला. समाजला कायच नाय."

त्या दोन दिवसांत धोंडू हसला तो तेवढाच. पेटीत आकडे होते, एक दोन तीन चार, ते सगळ्या दुनियेत सारखेच. फक्त एक तार जास्तीची निघाली, पाचवी. मुसानं सांगितलं, ही मशीन उलटीही चालते. कुवेतला थंडीत बाहेरची ऊब ओढून आत सोडते, त्या उलट्या चालीची ही तार.

"रत्नागिरीत ऊब आत घ्यायचा बटन," धोंडू म्हणाला. "समुद्राला मिठाचा खडा." पण तार त्यानं जोडली. यंत्राला आहे ती तार जोडायची, ती कोण वापरतो ते आपण बघायचं नाही.

खरी गाठ पडली अर्थिंगवर.

एवढ्या यंत्राला अर्थिंग पाहिजे. कुठं तार सुटून पत्र्याला लागली, तर करंटाला माणसाच्या अंगातून जाण्याऐवजी जमिनीत जायला वाट पाहिजे. वाळूत, चिखलात ती वाट सोपी. मांडवीच्या किनाऱ्यावर पाइप हातानं दाबला तरी पाणी लागतं. पण कातळावर जमीन म्हणजे जांभा दगड, मे महिन्यात भाकरीच्या तव्यासारखा कोरडा. तिथं सहा फूट खड्डा खणायचा, तांब्याची पट्टी उभी करायची, कोळसा आणि मीठ थराथरानं भरायचं, वरून पाण्याला नळी ठेवायची, आणि रोज दोन घागरी ओतायच्या. मीटरच्या जवळ खड्ड्याला जागा एकच होती. अंगणात. आणि अंगणात चारच दिवसांपूर्वी लग्नासाठी नवी शहाबादी फरशी बसवली होती.

"फरशी नाय फोडायची," अहमद म्हणाला.

"मग मशीन नाय चालवायची."

"निकाह होऊं दे. सोमवारी खन तुला पायजे तेवढं."

"आनि रविवारी कोन चिकटला तर सोमवारी तिथंच पुरूया. खड्डा तयारच असेल."

"लग्नाच्या घरात काय बोलतोस धोंड्या?"

"लग्नाच्या घरात म्हनूनच बोलतोय. शंभर मानूस येनार."

शब्दानं शब्द वाढला. मुसा मधे पडला, त्यालाही दोन लागले. शेवटी धोंडूनं नव्या लाइनचं किटकॅट उपसून काढलं, चड्डीच्या खिशात घातलं आणि पेटी उचलली. "माझी सही नाय. ही लाइन माझी नाय. खड्डा खनाल तेव्हा हाक मारा," असं म्हणून तो निघून गेला. तो सोमवार होता.

किटकॅट खिशात आलं म्हणजे काम थांबलं, असं त्याला वाटलं. बाजारात दुसरं किटकॅट मिळतं हे वायरमनला कळू नये, याचाच त्याला पुढं फार दिवस राग येत राहिला.

गुरुवारी सकाळी हौसा त्याच्या परड्यातून चालली होती. हौसा अहमदच्या शेजारची, दोन-चार घरी पाणी भरायची. तिच्या हातात नारळ आणि पदराला हळदकुंकवाची पुडी बघून चिमानं विचारलं, "आज कसला नारळ गो?"

"बावेला. बाव कोपलीय."

"म्हंजे?"

"पानी चावताय. परवा रहाटाची साखळी धरली तर झिनझिन्या आल्या कोपरापातूर. काल गंगुबायनं तांब्याची कळशी बुडवली, नि कळशी टाकून देऊन मागं बसली ती उठंच ना. तिच्या डोळ्याफुडं काजवे. जलदेवतेचं कायतरी चुकलंय म्हनून काल पाच जनींनी नारळ फोडले. तरी दोनपारी परत चावलंच. आज मी देतंय."

धोंडू ओट्यावर चहा पीत होता. कपातला चहा त्यानं अंगणात ओतला.

"दोनपारीच चावतं?"

"दोनपारी. नि कालच्याला सांजच्याला बी. सकाळी न्हाय."

"कुठची बाव?"

"आमचीच. अहमदच्या मागची. दुसरी कुठं हाय कातळावर?"

"नारळ घरी ठेव," धोंडू म्हणाला. "आनि त्या बावेला आज कुनी हात लावायचा नाय. सांग सगळ्यांना."

"पानी कुठलं भरू मग? तुझ्या डोळ्यातलं?"

पण तो सायकलवर बसला होता. टेस्टर चड्डीत, पेटी कॅरियरला, आणि पेटीत एक पंचवीसचा बल्ब होल्डरसकट, दोन लांब तारा लावलेला. चढ होता. एरवी तो चढावर उतरून सायकल ढकलायचा. त्या दिवशी उतरला नाही.

तो आधी घरात गेला नाही. मागच्या बाजूनं बावेवर गेला. कातळात फोडलेली जुनी बाव, तळाला मे महिन्यातलं कमरेएवढं पाणी, आणि एका कडेला कधीकाळच्या पंपाचा लोखंडी पाइप तसाच उभा. त्या पाइपाला वर कानशीनं घासून चकचकीत केलं होतं आणि तिथं सात-वीसची तार गुंडाळली होती. आपल्याच बंडलातली उरलेली तार. ती भिंतीवरून, पत्र्याखालून घराकडं गेली होती. खिडकीखाली बाहेरची पेटी घुरघुरत होती. आत कुणीतरी गार हवेत बसलं होतं.

बघता बघता त्याला सगळं कळलं.

वीज येते एका तारेनं आणि परत जाते दुसऱ्या तारेनं, तिला न्यूट्रल म्हणतात. कातळावरची लाइन लांबची, दुपारी आणि संध्याकाळी दाब एवढा पडायचा की पंखा मोजून फिरायचा. यंत्र लावलं असेल, ते दोनदा घुरघुरून बंद पडलं असेल. मग अहमदनं न्यूट्रल घरातून काढून बावेत टाकला. परतीची वीज पोलाकडं जायच्या ऐवजी पाण्यात सोडली. पाणी म्हणजे चांगली जमीन, दाब जरासा चढतो, यंत्र चालतं. आणि जोवर यंत्र चालतं, तोवर सगळी बाव जिवंत असते. पाइप, पाणी, भिजलेला दोर, रहाटाची साखळी, आणि ओल्या कातळावर अनवाणी उभी राहून ती साखळी ओढणारी बाई.

धोंडू पुढल्या दारानं आत शिरला. बैठकीत अहमद, मुसा आणि नवऱ्याकडचे दोन पाहुणे सरबत पीत बसले होते. तो कुणाकडं न बघता पडवीत गेला आणि नवं किटकॅट खसकन उपटलं. यंत्र बंद पडलं. आतून पाहुण्यांचा आवाज आला, "लाइट गेली वाटतं."

"लाइट नाय गेली," धोंडू दारात येऊन म्हणाला. "मी काढली. अहमद, बाहेर ये."

"पावने बसलेत, धोंड्या."

"पावन्यांना पन घेऊन ये. त्यांच्या सुनेच्या माहेरची बाव त्यांनी बघितलेली बरी."

अहमद उठला तो चिडूनच. "तुला काय, माझ्या घरात येऊन माझे फ्यूज काढायचा परवाना दिलाय काय सरकारनं? अर्थिंग अर्थिंग करून तूच जीव खाल्लास. घातलं की अर्थिंग. बावेत घातलं. पान्यापरता चांगला अर्थिंग दुसरा हाय?"

"अर्थिंग घातलंस? न्यूट्रल घातलास तू, आमद्या. पाच बाया नारळ फोडतायत बावेला. गंगुबाय आडवी झाली. तुला कुनी सांगितलं नाय?"

"बायका काय, ऊन लागलं असेल."

"ऊन," धोंडू म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला, आणि शाळेपासून ओळखणाऱ्या अहमदला तेव्हाच पहिल्यांदा भीती वाटली. "हौसा ऐकेल तर तिलाच सांग, तुला ऊन लागलं म्हनून."

त्यानं माडाच्या आळ्यात, जिथं रोज पाणी पडायचं, तिथं परसातली पहार ठोकली. बल्बची एक तार पहारीला गुंडाळली, दुसरी बावेतल्या पाइपाला. बल्ब हातात धरून उभा राहिला. "मुसाभाई, हे किटकॅट घ्या. आत जाऊन लावा. यंत्र चालू झालं की हाक मारा."

मुसा आत गेला. एव्हाना हौसा आली होती, मागून आणखी तिघी-चौघी कळश्या घेऊन. कुलसुमखाला भिंतीला धरून बाहेर आली. आतून मुसाची हाक आली आणि बाहेरची पेटी धडधडली. त्या झटक्यात बल्ब भप्पकन पेटला, मग मंद होऊन निखाऱ्यासारखा लाल राहिला. भर उन्हात, कुठल्याही खांबाला, भिंतीला, बटणाला न जोडलेला बल्ब, एक पाय माडात आणि एक पाय बावेत.

बाया दोन पावलं मागं सरकल्या. मग मुसा खिडकीतून डोकं काढून बघत होता, तो हसला. वाईट मनानं नाही. जुनी आठवण आली म्हणून.

"अरे धोंडू," तो म्हणाला, "हे तर तुझंच काम. माझ्या लग्नात नाय काय केलं होतंस? सत्तर साली? लाइट मिणमिणत होती, तर तू न्यूट्रल काढून बावेत टाकलास, नि मांडवातले सगले गोले लख्ख पेटले. मानसं बाव बघायला आली होती. मेरे अब्बा बोलले, ह्या पोरानं पान्यातनं दिवा काढला."

"तेच," अहमद म्हणाला. आता त्याच्या आवाजात जोर आला होता. "मी काय माज्या अकलेनं केलं? तूच पाइपाला तार गुंडालताना मी पक्कड धरून उभा होतो. तेव्हा चालतंय, नि आता काय झालं? तू केलंस तर विद्या, मी केलं तर मूर्ख?"

धोंडूच्या तोंडात शिवी तयार होती, पण ती ज्याला द्यायची तो माणूसच सापडेना.

ते खरं होतं. चोवीस-पंचविसाचा होता तेव्हा. गिरणीतून नुकताच आलेला, अंगात मस्ती. वीस गोळे, चाळीस-चाळीसचे, एका रात्रीचा मामला. लग्न आटोपल्यावर तार काढली की नाही, तेही त्याला आता आठवत नव्हतं. त्या रात्री मुसाच्या म्हाताऱ्या अब्बांनी पाठ थोपटली ती मात्र आठवत होती. आणि त्यानंतर ती पाठ थोपटून घ्यायला त्यानं हीच युक्ती आणखी किती ठिकाणी केली, तेही. तेव्हा दिवेच होते. आता त्याच तारेवर दहा-बारा अँपिअरचं यंत्र बसलं होतं. उद्या कुणाचा पंप बसेल, कुणाची गिरण.

"बंद करा," तो मुसाला म्हणाला. बल्ब विझला. त्यानं पक्कड काढली, पाइपावरची तार तोडली, ओढून काढली, हातावर गुंडाळली. मग तो बायांकडं वळला.

"देवीचं कायच चुकलं नाय," तो म्हणाला. "बावेत करंट होता. अहमदनं सोडला. पन त्याला मी शिकवलं. वीस वर्सांमागं ह्याच बावेत मी हेच केलं होतं."

हौसानं कळशी कमरेवरून खाली ठेवली. "म्हंजे नारळ तुला द्यायला हवे व्हते."

एक बाई फिसकन हसली. धोंडू नाही हसला. एरवी कुणी एक बोलला तर त्याच्याकडं दहा असायची. आज त्यानं ते ऐकून घेतलं.

"गंगुबाय मेली असती तर?" हौसा थांबली नाही. "आमी बावेलाच दोष दिला असता. तुमी लोकं कायतरी करता, नि आमी देवाला शिव्या घालतो. तीन दीस ओल्या अंगानं पानी वढतोय आमी, नि तुमी आत गार बसलायत."

हे ती सगळ्यांना बोलली, पाहुण्यांनाही. पाहुण्यांनी सरबताचे पेले तसेच हातात धरले होते. तेव्हा कुलसुमखाला अहमदला म्हणाली, "पहार आन."

"आम्मा, फरशी..."

"माज्या आंगनात फरशी असली काय, नसली काय. बाव गावाची हाये. पहार आन."

अहमद गेला आणि माडाच्या आळ्यातली पहार उपसून घेऊन आला. पहिली फरशी त्यानंच फोडली. दुसरी धोंडूनं. मग दोघं आळीपाळीनं जांभ्यात पहार घालत राहिले, आणि पहारीच्या प्रत्येक घावाला एकमेकांना शिव्या देत राहिले. तू शहाणा असतास तर. तू सोमवारी किटकॅट नेलंस ते तार का सोडून गेलास. तुझ्या दुकानातला काटा तरी सरळ हाय काय. शाळेत पाटी फोडली होतीस ती कुनाची. सहा फूट कातळ दोन दिवस खाल्ला त्यांनी. शुक्रवारी अहमद नमाजाला जाऊन आला आणि लगेच परत खड्ड्यात उतरला. कोळसा हौसानं आणून दिला, मीठ दुकानातलंच होतं.

शनिवारी अर्थिंग बसलं. धोंडूनं तपासलं, पुन्हा तपासलं. न्यूट्रल पोलाकडं, पट्टी जमिनीत, बाव मोकळी. मग त्यानं अहमदला जे सांगायचं ते सांगितलं, आणि ते सांगताना तो त्याच्याकडं बघत नव्हता.

"मशीन उद्या चालनार नाय."

"मग हा खड्डा कशासाठी खनला?"

"मानूस मरू नये म्हनून. दाब खड्ड्यानं नाय वाढत. दाब लाइनीवर हाय. पहाटेला चालेल. दुपारी नाय."

अहमदनं हातातलं फावडं भिंतीवर आपटलं. निकाहाच्या दिवशी भर अकराला यंत्र एकदा घुरघुरलं, दुसऱ्यांदा घुरघुरलं आणि गप्प झालं. मुंबईची माणसं हातपंख्यानं वारा घेत बसली. मुसाच्या चेहऱ्यावर जे होतं ते धोंडूनं मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून बघितलं. कुवेतहून एवढ्या लांब आणलेली ती पेटी भिंतीवर एखाद्या मेलेल्या नातलगाच्या फोटोसारखी टांगलेली होती. अंगणाच्या मधोमध फुटक्या फरशीत सिमेंटचं झाकण होतं, आणि येणारा जाणारा प्रत्येक जण विचारत होता, हे काय. अहमद प्रत्येकाला सांगत होता, "त्या वायरमनला विचारा." आणि लोक येऊन विचारत होते. धोंडू जेवला नाही. कुलसुमखालानं बिर्याणीचं ताट चिमाकडं घरी पाठवलं, ते त्यानं संध्याकाळी खाल्लं.

सोमवारी सकाळी त्यानं सायकल काढली. पेटीत पक्कड, हातोडी, दोर.

"कुठं?" चिमानं विचारलं.

"माझी घान उपसायला."

सहा बावी त्याला आठवत होत्या. पहिल्या ठिकाणी तार कधीच गंजून तुटली होती. दुसऱ्या ठिकाणी ती होती, आणि घरवाला म्हणाला, काढू नका, तिच्यामुळं तर आमचा टी.व्ही. नीट दिसतो. धोंडूनं तार तोडली, आणि नुसती तोडून भागणार नाही, आपली पाठ वळली की हा परत जोडील, म्हणून दोर बांधून बावेत उतरला आणि तार बांधलेला तळातला लोखंडी रॉडच उपसून वर घेऊन आला. घरवाला वरून ओरडत होता. "तुम्हीच लावलात नि तुम्हीच काढताय, वेडबीड लागलंय काय?" धोंडू खालून ओरडला, "तेव्हा लागलं होतं, आता उतरलंय." चौथ्या घरी म्हातारीनं त्याला मंद दिव्यावरून एवढं झोडपलं, की शेजारची पोरं ऐकायला जमली. त्यानं तिचा पोलाकडून आलेल्या तारेचा सैल झालेला सांधा मीटरपाशी घट्ट करून दिला, दिवा जरासा उजळला. तरी ती बोलायची थांबली नाही आणि तोही निघेपर्यंत उत्तरं द्यायचा थांबला नाही.

सहावी बाव शिवा गोताडाची, कातळाच्या पार टोकाला. शिवा भला माणूस. त्यानं पाणी दिलं, गूळ दिला, धोंडूचं सगळं ऐकून घेतलं, बावेत करंट कसा उतरतो, बाई कशी चिकटेल, सगळं. मान हलवत राहिला. रॉड काढायलाही त्यानंच दोर धरला. रॉड वर आला, धोंडूनं तो कॅरियरला बांधला. सहावी बाव. झालं, असं तो म्हणणार होता.

"धोंडूभाऊ," शिवा म्हणाला, "तुमी मला दाखवलंत ना, तेव्हा मी म्हेवण्याकडं पन तसंच करून दिलं. आनि खालच्या वाडीत सखारामकडं. सखारामनं पुढं कुनाला दिलं असेल तर ते म्हाईत न्हाय. युक्ती चांगली व्हती म्हनून."

धोंडू सायकलच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिला. कातळावर ऊन एवढं होतं की लांबच्या घरांची कौलं पाण्यात हलल्यासारखी दिसत होती. त्या प्रत्येक घरामागं एक बाव होती.

"म्हेवण्याचं घर कुठं?" त्यानं विचारलं.

"लांब हाय. पानवलीच्या बाजूला. उद्या जावा."

"आज पानी कोन भरतं त्याच्याकडं?"

"बहीन. माझीच बहीन."

"मग उद्या जा म्हनून कुठल्या तोंडानं सांगतोस रे?" धोंडूचा आवाज चढला तो पार खालच्या वाडीपर्यंत गेला असेल. "बस मागं. रॉड धर मांडीवर. तू वाट दाखव, बावेत मी उतरतो, आनि तुझ्या भैनीला तू सांगायचं, कुनी कुनाला शिकवलं ते."

शिवा पेटी नि रॉड मांडीवर घेऊन कॅरियरवर बसला.